मानकरी, पात्र, हक्कदार, दावेदार : खेलरत्नाच्या वादात नेमका शब्द कुठला?

खेलरत्न, म्हणजे देशातला खेळाडूंसाठीचा सर्वोच्च पुरस्कार, कोणाला मिळायला हवा होता यावरून वाद सुरू झाला की हे चारही शब्द एकाच अर्थाने फिरायला लागतात आणि मला ते फार खटकतं. डिसेंबर २०२४ आठवा. नेमबाज मनू भाकरचं नाव खेलरत्नाच्या निवड समितीच्या यादीत नाही अशी बातमी आली आणि सगळीकडे एकच, 'तिच्याहून मोठा हकदार कोण आहे?' राग बरोबरच होता, पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन ब्राँझ, स्वातंत्र्यानंतर कुठल्या भारतीयाला हे जमलं नव्हतं. मग तिनेच लिहिलं की अर्ज भरताना बहुतेक माझ्याकडूनच काही राहिलं असावं, आणि जानेवारीत नावं जाहीर झाली त्यात ती होती, सोबत बुद्धिबळातला गुकेश, हॉकीतला हरमनप्रीत सिंग आणि पॅरालिंपिकमध्ये उंच उडीत गोल्ड घेतलेला प्रवीण कुमार.

म्हणजे बघा, ती 'पात्र' पहिल्यापासून होती. 'दावेदार' लोकांनी केली. 'मानकरी' ती नाव जाहीर झाल्यावर झाली. हा क्रम आपल्या लिहिण्यात का दिसत नाही? तुम्ही लोक काय वापरता?

—

पात्र शब्दाबद्दल शंभर टक्के सहमत. खेळातच बघा ना, आपण 'पात्रता फेरी' म्हणतो. स्वप्नील कुसाळे पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत सातवा होता, फायनलला आठ जण जातात, म्हणजे तो आत आला एवढंच. आणि फायनलमध्ये गुडघ्यावर बसून, मग आडवं पडून, शेवटी उभं राहून मारता मारता तो वर सरकत गेला आणि ब्राँझ घेऊन आला. पात्र म्हणजे दारातून आत घेतलेला, पुढचं सगळं बाकी असतं. त्यामुळे 'तो खेलरत्नाला पात्र आहे' असं कोणी लिहिलं तर मी त्याचा अर्थ एवढाच घेते की नियमात बसतो. खेलरत्न मागच्या चार वर्षांची कामगिरी बघून देतात, त्या हिशोबाने दरवर्षी पात्र माणसं बरीच निघतील. स्वप्नीलला त्या वर्षी खेलरत्नाच्या खालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि राधानगरी तालुक्यातल्या पोराने एवढं केलं याचं आम्हा कोल्हापूरकरांना जे वाटतं ते पात्र या शब्दात मावतच नाही.

—

मानकरी हा शब्द मुळात बक्षिसाचा नाहीच की. गावाकडे पालखीचा मानकरी, बैलपोळ्याला पहिल्या बैलाचा मान कोणाचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, त्यात कोणी काही जिंकत नाही. माउलींच्या वारीत अश्वाचा मान अंकलीच्या शितोळे सरकारांचा. मग ज्याने घाम गाळून मिळवलंय त्याला मानकरी म्हणणं उलटंच झालं. मी तर सरळ 'विजेता' लिहितो.

—

@वरचे, वारीचंच उदाहरण पुढे न्या. आषाढीला मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेला जे जोडपं बसतं ना, मानाचे वारकरी, ते दर्शनाच्या रांगेतून निवडलेलं असतं. घराणं नाही, वतन नाही, पायी आले आणि रांगेत उभे राहिले. आणि महाराष्ट्र केसरीची मानाची गदा काय वारशाने मिळते का, ती मातीत नाहीतर मॅटवर समोरच्याला चीत केल्यावरच खांद्यावर येते. मान या शब्दात कमावलेला मानही आहेच, वतन गेलं तरी शब्द राहिला आणि त्याने नवा अर्थ घेतला. 'विजेता' मला खेलरत्नाला अजिबात पटत नाही कारण पुरस्कार कोणी जिंकत नाही, तो चारचौघांनी मिळून द्यायचा असतो. स्पर्धेचा विजेता, पुरस्काराचा मानकरी. मी कायम असंच लिहीन.

—

हकदार बद्दल कोणी बोललं नाही. मराठीत हक्क आहे तर हक्कदार म्हणा, एक क कमी करून हिंदी बातमीतला शब्द उचलायची गरज नाही. पण मी वेगळंच म्हणतोय, हा शब्द राखून ठेवावा, ज्यांचं देणं थकलंय त्यांच्यासाठी. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून लोकांनी वर्गणी काढली. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, खाशाबा १९८४ ला अपघातात गेले, म्हणजे मधे वीसेक वर्षं होती द्यायला आणि अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. पद्म नाहीच. खेलरत्न तर १९९१-९२ ला सुरू झालं, पहिला विश्वनाथन आनंद. इथे मला पात्र म्हणवत नाही, मानकरी म्हणता येत नाही कारण मान हातात पडलाच नाही. हक्कदार हाच शब्द आहे.

—

मग मुरलीकांत पेटकर? १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात गोल्ड. पद्मश्री २०१८. अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात, वय ऐंशी. तोपर्यंत हक्कदार आणि त्या दिवसापासून मानकरी, असं?

—

हो, अगदी असंच. आणि सूत्रसंचालन करणाऱ्यांना सांगा कोणीतरी, अशा माणसाला स्टेजवर बोलावताना 'पुरस्कारास पात्र ठरले आहेत' म्हणू नका. पन्नास वर्षांनी पात्र ठरले म्हणजे मधली पन्नास वर्षं अपात्र होते असं ऐकू येतं. 'पुरस्कार प्रदान करण्यात येत आहे' म्हणा, पुरे.

—

थोडं अवांतर, खेलरत्न ऐवजी क्रीडारत्न लिहावं का? खेल हिंदी आहे.

—

नको, विशेषनाम आहे. आता तर मेजर ध्यानचंद खेलरत्न, २०२१ पासून. नाव आहे तसंच ठेवायचं, बाकीचं वाक्य मराठी लिहा.

—

धागा काढला तेव्हा मला पात्र-मानकरी एवढंच दिसत होतं, खाशाबांचं उदाहरण वाचून हक्कदार वेगळा काढायला हवा हे पटलं. दावेदार मात्र मी जाहीर होण्याआधीच्या बातमीपुरताच ठेवणार, आणि तोही खेळाडूने स्वतः अर्ज केला असेल तर. मनूने अर्ज केला होता, ती दावेदार होतीच. ज्याने काहीच मागितलं नाही त्याला दावेदार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्यासाठी कोणाकडे शब्द असेल तर द्या, बोलीतला असला तरी चालेल.