बाळंतपणानंतर संबंधांच्या वेळी दुखतं, किती वाट पाहू?

प्रश्न: बाळ ७ महिन्यांचं, अंगावर पितं. टाके भरलेत, तरी सुरुवातीलाच आग होते, कापल्यासारखं वाटतं. नवऱ्याला सांगायलाही जीव धजत नाही.

उत्तर १: अगं, वाट पाहू नकोस. मी वर्षभर दात आवळून सोसलं, त्याचं अजून वाईट वाटतं. पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, म्हणून योनीत कोरडेपणा येतो. मला ओलावा देणाऱ्या जेलने बराच फरक पडला. शिवाय दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आपोआप आवळत होते; त्यासाठी फिजिओथेरपी घेतली. नवऱ्याला सांग गं, सांगितल्यावरच माझं अंग सैल झालं.

उत्तर २: माझं दुखणं आत खोलवर होतं, पाळीतही असह्य. एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं.

उत्तर ३: संबंधांनंतर रक्त, घाण वासाचा स्राव किंवा ताप असेल तर लगेच दाखव.

प्रश्नकर्ती: रक्त नाही. रात्री त्याला सांगितलं. उद्या दोघं जातोय.