भांडुप पश्चिम - पाळणाघर घराजवळचं बघू की ऑफिसजवळचं?

भांडुपची_नवी_आई
नमस्कार मंडळी, लेक आता सहा महिन्यांची होईल आणि माझी मॅटर्निटी लीव्ह पुढच्या महिन्यात संपतेय. ऑफिस लोअर परेलला, नवरा ठाण्यात. सासूबाईंना गावाकडचं सोडून कायम इथे राहणं जमणार नाही, आई चार-आठ दिवस येईल पण पुढे काय. दोन ठिकाणं बघून आले. एक एकदम चकाचक, भिंतीभर चित्रं, कॅमेरे, मोबाइलवर अॅप, फी ऐकून नवरा बराच वेळ काही बोललाच नाही. दुसरं आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका काकूंच्या घरीच चालतं, स्वच्छ आहे पण कॅमेरा-बिमेरा काही नाही. ऑफिसजवळ पण एक आहे असं कलीग म्हणाली, म्हणजे दुपारी जाऊन दूध पाजता येईल. काय करू? आणि तिथे जाऊन नेमकं विचारायचं काय तेच सुचत नाही, मी नुसती फी आणि वेळ विचारून परत आले 🙈

चाकरमानी_बाबा
ऑफिसजवळचं डोक्यातून काढा. सकाळच्या गर्दीत सहा महिन्यांचं बाळ, त्याची बॅग, तुमची बॅग, डबा, आणि संध्याकाळी तेच उलटं. शिवाय तुम्ही रजेवर असलात की बाळाचं पाळणाघर पण बंद, कारण तेवढ्यासाठी तुमच्या ऑफिसच्या स्टेशनापर्यंत, करी रोडला, कोण जाणार.

लेडीज_डबा
इतकं सरसकट नाही हं बाबा, माझी मैत्रीण न्यायची, पण तिचं ऑफिस दोन स्टेशनांवर होतं. ताई आधी एचआरला विचारा. मॅटर्निटी लीव्हच्या कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली, त्यानंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. 50 म्हणजे सगळे मिळून, नुसत्या बायका नाहीत, एचआरवाले तिथेच घोळ घालतात. लेखी ईमेल टाका, तोंडी विचारलं की "बघतो" म्हणतात. हक्काचं आहे, उपकार नाहीत.

माजी_पाळणाघरवाली
अगं, मी दादरला घरातच बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, आता गुडघ्यांमुळे बंद केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

फी आणि वेळ सगळेच विचारतात. तू हे विचार की माझ्या मुलीला दिवसभर कोण घेणार, तुम्ही स्वतः की ठेवलेली मुलगी, आणि ती मुलगी तुमच्याकडे कधीपासून आहे. बायका दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर भिंतीवर कितीही चित्रं असोत, बाळ कुणाच्या अंगाला रुळणार? मी एका बाईच्या वाट्याला तीन-चारच्या वर तान्ही कधी दिली नाहीत. रांगती-चालती मुलं वेगळी, त्यांना एकमेकांची करमणूक असते, तान्ह्याला फक्त माणूस लागतं.

मग न सांगता जा. सकाळी अकराला सगळी पाळणाघरं छान दिसतात, तू दुपारी चारला जा. मुलं झोपून उठलेली असतात, कुणाची शी झालेली, कुणी रडतंय, कुणाला खायला हवंय, तेव्हा तिथल्या बाईचा आवाज कसा लागतो ते ऐक. टीव्ही चालू असेल तर किती वेळ चालू असतो विचार. तान्ह्याला पाठीवर झोपवतात की पालथं घालतात ते बघ, पाठीवरच झोपवायला हवं. आणि दाराशीच थांबवून "मुलांना डिस्टर्ब होतं" म्हणाले तर सरळ परत फिर.

दूध काढून देणार असशील तर डबीवर नाव आणि वेळ लिही. बाहेर चार तास टिकतं म्हणतात पण ते 25 डिग्रीचं गणित, आपल्या उकाड्यात पोचल्याबरोबर फ्रिजमध्येच गेलं पाहिजे. त्यांचा फ्रिज उघडून बघायला लाजू नकोस.

शेवटचं, रात्री यायला जमलं नाही तर मूल ठेवाल का हे विचारच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, फोन लागेनात, माझ्याकडची निम्मी मुलं रात्री माझ्याकडेच राहिली, वरणभात खाऊन ओळीने झोपली. आजही कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं की तू तिकडे आणि लेक इकडे. म्हणून माझं मत त्या मागच्या बिल्डिंगवालीला, पण आधी चारची परीक्षा घे.

शंकासूर
काकूंशी सहमत, पण घरगुती म्हणजे चांगलंच असं नसतं. आमच्या ओळखीतल्या एकींच्या पाळणाघरवाल्या बाईंना बरं नसलं की आयत्या वेळी सुट्टी, सकाळी सातला मेसेज. मोठ्या ठिकाणी निदान बदली माणूस असतं. कॅमेऱ्याचं म्हणाल तर मीटिंगमध्ये बसून कोण बघतंय, पहिले चार दिवस बघतो आपण.

खिचडी
घरी बाई ठेवायचा विचार केलात का? पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, ओळखीने आली असली तरी. पण घरात दुसरं कुणी मोठं नसेल तर मी नाही ठेवणार, एकटं बाळ बोलू शकत नाही. आणि काहीही ठरवलंत तरी, आई येतेय तेव्हाच पाळणाघर सुरू करा, पहिल्यांदा तासभर मग अर्धा दिवस, जॉइनिंगच्या दिवशी एकदम नऊ तास नको.

भांडुपची_नवी_आई
किती किती थँक्यू सगळ्यांना. एचआरला ईमेल टाकला. काकू, उद्या चारला न सांगता जातेच. एक राहिलं, ताप आला तर ते घेणार नाहीत म्हणे, हे बरोबर आहे का? मग मी रोज रजा कुठून आणू.

माजी_पाळणाघरवाली
बरोबरच आहे, तापातलं मूल जिथे घेतात तिथे तुझी लेक दर पंधरवड्याला आजारी पडेल. पावसाळ्यात ते हात-पाय-तोंडाला फोड येणारं प्रकरण सगळ्या पाळणाघरांतून फिरतं. रजा कोण घेणार ते दोघांनी आत्ताच ठरवा. आणि फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा दे, ठाणे जवळ आहे.