दादाला कुत्र्यांची भीती, काय करावं?

धाकटी_बहीण: दादा 38 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. रोज पायी कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या चिकटवतो. दोन महिन्यांपूर्वी एकदा पँट फाडून, रडत घरी आला. तेव्हापासून कुत्रं दिसलं की थेट रस्त्यात पळतो. परवा रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. "काही करत नाही रे ते" शंभरदा सांगून झालं. आई म्हणते, आता घरीच बसू दे.

चहाबाज: त्याच्या हातून कुत्र्याला बिस्किट द्या. चार दिवसांत दोस्ती!

निवृत्त_बाई: नको हो. भटक्या कुत्र्यावर असले प्रयोग करू नका. आणि घरीही बसवू नका. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, भीती मात्र मुरते.

"डोळे मिटून कुत्रं मनात आण" हे आमच्याकडच्या बऱ्याच बौद्धिक दिव्यांग मुलांना जमत नाही (चाळिशीचे झाले तरी आम्ही मुलंच म्हणतो, सवय). प्रत्यक्षच करावं लागतं. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलंय: तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणायचा. आम्ही एका मुलासाठी ओळखीतली म्हातारी लॅब्रॅडॉर आणली, साखळीसकट. ती मैदानाच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला चहा-खारी घेऊन. त्याने हात वर केला की कुत्री तिथेच थांबणार, हा नियम. एकदा जरी फसवून पुढे आणली असती तर सगळं मुसळ केरात. मी आधी हात फिरवायचे, तो लांबून बघायचा. तीन आठवड्यांनी त्याने शेपटीला एक बोट लावलं आणि ते बोट दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला. तुमच्या दादाला एवढंही नको, फुटपाथ न सोडता पुढे जाता आलं की झालं.

पण आधी एक सांगा, चावलं नाही हे नक्की? पोटऱ्या बघितल्यात?

धाकटी_बहीण: नाही बघितल्या. आंघोळ तो स्वतःच करतो.

निवृत्त_बाई: आत्ता बघा. खूण दिसली तर दोन महिने झालेत म्हणून थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस उशिरा गेलं तरी देतात.

धाकटी_बहीण: डाव्या पोटरीवर दोन वाळके व्रण आहेत. विचारलं तर म्हणाला, "आई ओरडेल." त्या दिवशी पँटवरून आम्ही ओरडलोच होतो. रिक्षा बोलावलीय, निघतोय.