ऑस्ट्रेलियातून बोन ब्रॉथ मागवून पुण्यात विकायचंय, कुणाला अनुभव आहे का?

बाणेरकर
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो, तिकडे सुपरमार्केटात बोन ब्रॉथची, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या सूपची, पाकिटं मिळतात, फ्रिजबाहेर राहतात, दीड वर्षाची एक्सपायरी. मागच्या वेळी आला तेव्हा चार आणली, आमच्या जिममधल्या पोरांनी दोन दिवसात संपवली आणि सगळे विचारतायत अजून कुठे मिळेल. म्हटलं बघू तरी, आधी पाचशे पाकिटं मागवू, चिकन आणि बीफ दोन्ही, ऑनलाइन विकू. माझ्याकडे घरगुती लाडू-चिवड्यासाठी काढलेलं एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खातं) रजिस्ट्रेशन आहे, त्यावर चालेल ना? आणि मागे स्टिकर लावला की झालं असं एकजण म्हणाला. खर्च किती, भानगडी किती, खरं काय ते सांगा.

न्हावाशेवा_रिटर्न
दादा, पहिलं म्हणजे बीफ डोक्यातून काढा. बीफ किंवा बीफ असलेलं काहीही, कुठल्याही रूपात, भारतात आयात करायला बंदी आहे, डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं) आयात धोरणातच लिहिलंय. लोक महाराष्ट्राचा २०१५चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आणि त्यावरचा हायकोर्टाचा निकाल घेऊन वाद घालत बसतात, त्याचा इथे काही संबंध नाही, माल बंदरावरच अडकतो.

आता चिकनचं. लाडू-चिवड्याच्या रजिस्ट्रेशनवर आयात होत नाही, इम्पोर्टरला सेंट्रल लायसन्स लागतं, धंदा पाचशे पाकिटांचा असो नाहीतर पाच कंटेनरचा. शिवाय आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी नंबर. त्यावर मांसजन्य माल म्हटला की पशुसंवर्धन विभागाचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट बघावं लागतं. ‘सूप आहे, मांस थोडीच आहे’ असं धरून चालू नका, आधी लेखी विचारून घ्या. हे परमिट माल तिकडून निघायच्या आधी हातात हवं. जहाज निघाल्यावर धावपळ करणारे मी इतके बघितलेत की आता सांगायचा पण कंटाळा येतो. आणि माल उतरवायचा तोही जिथे अ‍ॅनिमल क्वारंटाइनचं (प्राणिजन्य माल तपासणारं) ऑफिस आहे तिथेच, आपल्याला मुंबई. ज्या फॅक्टरीत बनतं तिची नोंदणी एफएसएसएआयकडे आहे का ते पण मावसभावाला विचारायला सांगा, मांसाच्या पदार्थांना ती आता लागते. सुपरमार्केटातून उचलून पाठवलेल्या पाकिटांचं तर यातलं काहीच जमणार नाही, कंपनीशीच बोलावं लागेल.

स्टिकरचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो नि लायसन्स नंबर, नॉनव्हेजची खूण एवढं बॉन्डेड वेअरहाउसमध्ये, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामात, स्टिकरने चालतं. पण घटक, बॅच, तारखा हे मूळ पाकिटावर छापलेलं नसेल तर स्टिकरने काम भागत नाही. नॉनव्हेजची खूण म्हणजे चौकोनात तपकिरी त्रिकोण, गोल ठिपका जुना झाला, अजून कितीतरी डिझाइनवाले गोलच टाकून देतात.

रिटॉर्टवाली
मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय, पॅकिंगच्या बाजूला काम करते. फ्रिजबाहेर का राहतं तेवढं नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईक हेच विचारणार. ब्रॉथचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तितका आंबटपणा कमी) साधारण ६च्या आसपास असतो आणि ४.६च्या वर गेलं की तो लो-अ‍ॅसिड माल, म्हणजे हवाबंद पाकिटात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जंतूला मोकळं रान. नुसतं उकळून त्याचे स्पोर (बीजाणू) मरत नाहीत, म्हणून भरलेलं पाकीट १२१ अंशावर दाबाखाली तापवतात, त्याला रिटॉर्ट म्हणतात, किंवा निर्जंतुक करून निर्जंतुक पाकिटातच भरतात. कंपनीकडून प्रोसेसचे कागद मागा, ते नसतील तर विषय तिथेच सोडा.

थंडीत पाकीट थरथरीत जेलीसारखं होतं, ते हाडांतल्या कोलॅजनचं जिलेटिन असतं, माल खराब झालेला नसतो, हे आधीच लिहून ठेवा नाहीतर रिटर्नचा ढीग लागेल. फुगलेलं पाकीट मात्र चाखून बघायचं नाही, सरळ टाकायचं. आणि जाहिरातीत ‘गुडघेदुखी बरी’ वगैरे लिहू नका, आजार बरा होतो असा दावा खाद्यपदार्थावर करता येत नाही.

तांबडापांढरा
एवढी उठाठेव कशाला हो, आमच्या कोल्हापुरात अळणी काय मेलबर्नहून येते काय? मटण शिजताना वरचं पाणी काढतात ती अळणी, पोरांना आधी तीच वाटीभर देतात. हाड मोडलं की पाया सूप, आज्या काय पाकिटं फोडत होत्या का. आता ते बोन ब्रॉथ म्हणून हजार रुपयाला विकायचं म्हणजे कमाल आहे. माझं ऐका, इथंच बनवा, कुकरला लावा, बरण्यांत भरा, लायसन्स काढा, कस्टमचा प्रश्नच नाही.

रिटॉर्टवाली
@तांबडापांढरा दादा अळणी मला पण लई आवडते, पण घरच्या कुकरमध्ये बनवून बरणीत भरून शेल्फवर ठेवू नका, कृपा करून. वर जे लिहिलं ते नेमकं याच कारणासाठी. इथे बनवायचं असेल तर रिटॉर्ट असलेल्या युनिटकडून थर्ड पार्टी करून घ्या, नाहीतर फ्रोझन विका, तोही रस्ता चांगला आहे.

तांबडापांढरा
बरं बाई, बरणी मागे घेतो. पण अळणी फ्रोझन, हे ऐकायला लागलं या जन्मात.

बाणेरकर
सगळ्यांचे आभार, डोकं गरगरलं पण बरं झालं आधी विचारलं. @न्हावाशेवा_रिटर्न एक्सपायरीचं पण काहीतरी असतं ना? कुणीतरी म्हणालं एकूण मुदतीच्या ६० टक्के शिल्लक लागते, मग दीड वर्षाच्या मालात जवळजवळ अकरा महिने शिल्लक पाहिजेत का?

न्हावाशेवा_रिटर्न
नाही, इथेच सगळे घोळ करतात. ६० टक्के किंवा एक्सपायरीला तीन महिने बाकी, दोन्हीतलं जे कमी असेल ते. तुमच्या दीड वर्षाच्या मालाला क्लिअरन्सच्या वेळी तीन महिने शिल्लक असले तरी नियमात बसतं. पण बसतं म्हणून असा माल उचलू नका, ऑनलाइन विकलात तर डिलिव्हरीच्या वेळी ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक लागतात, नमुना तपासणीत दिवस जातात, मग विकणार कधी. माल तपासणीत नापास झाला तर परत पाठवा नाहीतर नष्ट करा, दोन्हीचा खर्च तुमचाच, वर माल पडून राहिल्याचं बंदराचं भाडं, डेमरेज. एमआरपी, कोणत्या देशातला माल, कस्टमर केअर हे लीगल मेट्रॉलॉजीचं (वजन-मापं खातं) वेगळं, तेही बघा.

एक काम करा, त्या चिकनवाल्या पाकिटाचा मागचा भाग नीट वाचा. समोर काय लिहिलंय ते सोडा.

बाणेरकर
वाचलं. समोर मोठ्या अक्षरात ‘चिकन’, मागे घटकांत पाणी, चिकनची हाडं, कांदा, गाजर, सी सॉल्ट आणि चौथ्या ओळीत ‘बीफ ब्रॉथ कॉन्सन्ट्रेट’. आम्ही हे दोन दिवस प्यायलो की.

न्हावाशेवा_रिटर्न
प्यायलात ते जाऊ दे. आयातीसाठी हेही बाद. त्याच कंपनीचं नुसतं चिकन असलेलं काही आहे का ते भावाला विचारा, आणि घटकांची यादी त्यांच्या लेटरहेडवर मागवा, मग पुढचं बोलू.