चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प : विषय कसा निवडायचा? (अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतिहास, गणित)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

मी नाशिकच्या एका स्वायत्त कॉलेजात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून लागू झालं, त्यामुळे 'ऑनर्स विथ रिसर्च'च्या चौथ्या वर्षाला जाणारी आमची पहिलीच बॅच. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांच्या वर असलेल्यांनाच संशोधनाचा पर्याय मिळतो. प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. एवढं कळलं, पण पुढे काय करायचं ते सांगायला आमच्या आधीचं कुणीच नाही. सर-मॅडम चांगले आहेत, पण त्यांच्यासाठीही हे नवीनच आहे.

होस्टेलवर आम्ही चौघी आहोत. माझं अर्थशास्त्र. कांद्यावर काहीतरी करायचं आहे, कारण घरी कांदाच पिकतो. दुसरीचं वनस्पतिशास्त्र, तिला जवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या दुर्मीळ वनस्पतींवर काम करायचंय. तिसरीचा इतिहास, तिला 'नाशिकचा इतिहास' एवढंच सुचलंय. चौथीचं गणित, आणि तिला वाटतं की पदवीच्या पातळीवर गणितात संशोधन होऊच शकत नाही.

कृपया विषय कसा ठरवावा, माहिती कुठे मिळते आणि मार्गदर्शकाकडे जाताना काय तयारी हवी ते सांगा. जमेल तेवढं सविस्तर लिहा, आम्ही चौघी एकत्र बसून वाचणार आहोत.

निफाडकर

बाळा, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. एम.ए.चे बरेच प्रबंध हाताखालून गेले, त्यावरून सांगतो.

'कांदा' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. 'कांदा उत्पादकांच्या समस्या' हाही प्रश्न नाही. शंभर शेतकऱ्यांना प्रश्नावली द्यायची, ८७ टक्के म्हणाले भाव मिळत नाही, असं लिहायचं, असले प्रबंध कपाटं भरून पडलेत. ते तू करू नकोस.

तुझ्या घरी रोज बोललं जातं तेच बघ. लासलगावच्या घाऊक बाजारात भाव पडला म्हणून मुंबईत गिऱ्हाईकाला कांदा लगेच स्वस्त मिळतो का? आणि लासलगावला चढला तर मुंबईत किती दिवसांत चढतो? चढ लवकर पोचते आणि उतार उशिरा, असं सगळेच म्हणतात. ते खरं आहे का हे आकड्यांवर तपासता येतं. हा प्रश्न एका वर्षात मावतो.

आकडे फुकट मिळतात. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर असतात. किरकोळ भाव केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग रोज नोंदवतो. दोन्ही एका तक्त्यात आणले की निम्मं काम झालं. पण खरी मेहनत इथेच आहे. बाजार बंद असलेले दिवस, लिलाव थांबलेले दिवस, एखाद्या दिवशी चुकून एक शून्य जास्त पडलेला दर, हे सगळं हाताने बघावं लागतं. उन्हाळ कांदा आणि लाल कांदा वेगळे ठेव. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढते आणि भाव तसाही उतरतो.

२०२३-२४ घेतलंस तर धोरणाच्या तारखा आधी भिंतीवर लाव. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबर अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा बाहेर पाठवता येईना. ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली, ती ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट ठेवूनच. 'बंदीमुळे भाव पडला' हे वाक्य लिहायचं असेल तर आधीच्या चार-पाच वर्षांतल्या डिसेंबरचे भाव शेजारी ठेवावेच लागतील. नाहीतर हंगामाने पडलेला भाव किती आणि बंदीने पडलेला किती, हे तुला वेगळं काढता येणार नाही, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

मार्गदर्शकाकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एक पान लिही : प्रश्न काय, आकडे कुठले, उत्तर 'नाही' आलं तरी प्रकल्प उभा राहतो का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

रानवाट

वनस्पतिशास्त्रवाल्या मैत्रिणीसाठी. मी सह्याद्रीतल्या फुलझाडांवर पीएच.डी. करते आहे.

अंजनेरीचं आकर्षण समजू शकते. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला तर डोंगराचंच नाव दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका. पण पदवीच्या प्रकल्पासाठी दुर्मीळ वनस्पती घेऊ नकोस गं. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे काम करायला वनखात्याची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत हंगाम गेलेला असतो. शिवाय सापडणार मूठभर झाडं, त्यांवरून निष्कर्ष काय काढणार? आणि अभ्यासासाठी आपण तिथे वारंवार गेल्याने त्या झाडांना त्रास होतो तो वेगळाच.

त्यापेक्षा तेरडा घे. पावसाळ्यात रस्त्याकडेला, पडीक जागेत भरपूर असतो. एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनासमोर दहा मिनिटं शांत बसायचं आणि किती फुलं उघडी आहेत, कोणता कीटक आला, किती फुलांवर बसला, ऊन होतं की ढग, एवढंच लिहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शहराच्या कडेला आणि शहराबाहेर अशा दोन ठिकाणी केलंस तर तुलना मिळते. कीटकाची जात ओळखता आली नाही तर 'मोठी माशी', 'छोटी मधमाशी' असे गट करून चालतं, फक्त पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच गट ठेव.

वेळापत्रकाकडे मात्र लक्ष दे. सातवं सत्र सुरू होऊन, समिती बसून, विषय मंजूर होईस्तोवर ऑगस्ट संपतो आणि ऑक्टोबरात तेरडा वाळतो. म्हणून विषय मे महिन्यातच ठरव आणि जूनमध्ये दोन-चार दिवस तालीम करून घे.

फार फिरता येणार नसेल तर दुसरी कल्पना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची नोंदवही माग, त्यातली झाडं शिवारात आहेत का बघ, आणि नोंदवहीत नसलेलं काय आहे ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचार. स्थानिक नावांसकट. या कामाचा गावालाही उपयोग आहे, आणि मला हा विषय फार मोलाचा वाटतो. झाडाच्या ओळखीबद्दल शंका आली तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि आघारकर संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. कॉलेजचं पत्र घेऊन जा.

मोडीवाचक

इतिहासवाल्या ताईंना : मोडी येते का? येत नसेल तर पेशवे दफ्तराचं, म्हणजे पेशवेकाळातल्या मोडी कागदपत्रांचं, नाव आत्ता काढू नका. लिपी शिकायला वेळ लागतो, आणि वाचता आली तरी हिशेबाचे कागद समजणं ही पुढची पायरी. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात, तिथे नाव जरूर घाला, पण प्रकल्प त्यावर उभा करू नका.

नाशिकमध्येच राहून करण्याजोगा एक विषय सुचवतो. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. बाबासाहेबांबद्दल, सत्याग्रहाचे इथले नेते दादासाहेब गायकवाड यांच्याबद्दल आपण वाचतो. पण सत्याग्रहाला आलेली माणसं कोणत्या गावांतून आली होती? कशी आली, कुठे राहिली, परत गेल्यावर गावात त्यांना काय सोसावं लागलं? महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात त्या काळचे पोलिसी अहवाल आहेत. तो आणि त्या वेळची वृत्तपत्रं समोरासमोर ठेवून वाचा. एकाच दिवसाची हकिगत पोलीस कशी लिहितात आणि वृत्तपत्र कसं लिहितं, हा फरकच प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो. अहवालात गावाचं नाव दिसलं की त्या गावी जा. सत्याग्रहींची नातवंडं, पतवंडं भेटतील. बोलण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी द्या. त्यांच्या घरातली आठवण आपण घेऊन जातोय, तिच्यावर पहिला हक्क त्यांचा.

सुरुवात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. १८४० पासूनची संस्था आहे. जिल्ह्याची पार्श्वभूमी समजायला १८८३ चं नाशिक गॅझेटियर वाचा, मात्र ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलंय हे वाचताना सतत लक्षात असू द्या.

शून्यलब्धी

गणितात पदवीला संशोधन होत नाही असं म्हणणारी मुलगी नाशिकची आहे, म्हणून लिहायलाच बसलो.

देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथे पोचतोच.

आता यात गणित कुठे आहे ते बघा. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकीचं उत्तर ९९९(अ−ड) + ९०(ब−क) येतं. म्हणजे उत्तर फक्त त्या दोन फरकांवर ठरतं. हजारो संख्या तपासायची गरजच नाही, फरकांच्या ५४ जोड्या उरतात. त्या हाताने मांडता येतात आणि सिद्धता पूर्ण होते. पाच अंकी संख्यांत असा एक मुक्कामच नाही, तिथे चक्रं तयार होतात : ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५. का? संख्या लिहिण्याचा पाया दहाऐवजी दुसरा घेतला तर (म्हणजे दहाच्या जागी समजा आठच अंक वापरले तर)? यावर आधी झालेलं काम पुष्कळ आहे, ते शोधून, वाचून, आपल्या शब्दांत नीट मांडणं हाच प्रकल्पाचा मोठा भाग. त्यावर एखादा पाया घेऊन स्वतः संगणकावर चालवून बघायचं, काही आकृतिबंध दिसला तर सिद्ध करायचा प्रयत्न करायचा. सिद्ध नाही झाला तर 'इथवर आलो' असं लिहायचं. गणितात हे पूर्ण प्रामाणिक संशोधन आहे.

आणि तिला सांगा, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एन.आय.यू.एस. कार्यक्रम आणि तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, दोन्हींच्या जाहिराती बघत राहा. वनस्पतिशास्त्रवालीनेही फेलोशिपला अर्ज करावा.

चहाटपरी

थोडं वेगळं मत मांडतो. चौथं वर्ष करायचंच का, हा विचार केलाय का? तीन वर्षांची पदवी घेऊन सरळ दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. वर्षं तेवढीच लागतात आणि विद्यापीठाच्या विभागात शिकायला मिळतं. 'चार वर्षांनंतर थेट पीएच.डी.' ऐकायला छान वाटतं, पण विशीतल्या मुलीने एवढ्या लवकर एका विषयाला बांधून घ्यावं का?

निफाडकर

@चहाटपरी, मुद्दा रास्त आहे. थेट पीएच.डी.साठी म्हणून चौथं वर्ष करू नये, हे मीही म्हणेन. पण चार वर्षांनंतर एम.ए. एकाच वर्षात होतं, म्हणजे त्या हिशेबानेही काही बुडत नाही. मग प्रश्न उरतो कॉलेजचा. विभागात संशोधन केलेला, आठवड्याला तासभर देणारा मार्गदर्शक असेल तर राहा. नसेल तर खुशाल विद्यापीठात जा. प्रवेशाआधी विभागात जाऊन स्पष्ट विचारा : एका सरांकडे किती मुलं असणार?

रानवाट

अजून एक, चौघींसाठीही. प्रकल्प संपत आला की 'तुमचा शोधनिबंध आठ दिवसांत छापू, अमुक रुपये भरा' असे मेल येतात. एक रुपयाही देऊ नका. असल्या निबंधाने पुढे नुकसानच होतं. मांडायचंच असेल तर विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहे, तिथे परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात, त्यातून खूप शिकायला मिळतं. आणि आपल्या मजकुराचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या आत हवं, म्हणून पहिल्या दिवसापासून कुठून काय घेतलं ते वहीत लिहीत चला.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार! आम्ही रात्री एकत्र बसून वाचलं. गणितवाली ५४ जोड्या मांडत बसलीये, तिला आता उठवता येत नाही. तेरडा पक्का झाला. इतिहासवालीला सत्याग्रहाचा विषय फार आवडला, तिच्या आजोळचं गाव सिन्नरकडे आहे, ती तिथे चौकशी करणार आहे.

निफाडकर काका, एकच विचारते. संकेतस्थळावर मधल्या काही दिवसांचे दर दिसत नाहीत. ते कसे भरायचे? मागचा-पुढचा दर घेऊन सरासरी काढली तर चालेल?

निफाडकर

सरासरी काढून भरू नकोस. आधी तो दिवस का नाही ते शोध. सुट्टी होती, लिलाव बंद होते, की नोंदच चढली नाही? पहिल्या दोन्हींत तिथे दर नव्हताच, ती जागा रिकामीच राहिली पाहिजे. नोंद राहिली असेल तर लासलगाव बाजार समितीत जा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सचिवांच्या नावाने ने, हव्या असलेल्या तारखांची यादी सोबत जोड. सकाळी लिलावाच्या वेळी कुणाला फुरसत नसते, दुपारनंतर जा. आणि जाशील तेव्हा एक पूर्ण लिलाव उभं राहून बघ. सर्वसाधारण दर म्हणून जो आकडा तुझ्या तक्त्यात येतो, तो कुणी कसा लिहिला, ते तिथल्या कारकुनाला विचारून घे आणि प्रबंधात आकड्यांच्या प्रकरणात पहिल्याच पानावर लिही.