प्रोग रॉकचे नवे अल्बम: खरंच काही नवं, की शिळ्या कढीला ऊत?

बर्डीकर
नवतपा चालू आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हणून प्रोगचे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचे, ज्यांची गेले काही महिने वाहवा चाललीय ते चार अल्बम एका बैठकीत ऐकून टाकले. ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४), ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' (नोव्हेंबर २०२४), ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया' (फेब्रुवारी २०२५) आणि स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू' (मार्च २०२५).

वादन अव्वल, ध्वनिमुद्रण लखलखीत. नवं मात्र काहीही नाही. विल्सनच्या अल्बमवर दोनच रचना आहेत, एक तेवीस मिनिटांची, दुसरी अठराची. यात धाडस ते कसलं? येस या बँडनं १९७२ साली 'क्लोज टू द एज'ची अख्खी पहिली बाजू एका रचनेला दिली होती. ड्रीम थिएटरमध्ये जुना ड्रमर माइक पोर्टनॉय परत आला ही बातमी झाली, संगीत जिथं होतं तिथंच आहे. ओपेथवाल्यांनी तर कथेतल्या मृत्युपत्राचं निवेदन करायला आणि बासरी वाजवायला जेथ्रो टल या जुन्या प्रोग बँडच्या इयन अँडरसनला बोलावलं. लग्नात आजोबांच्या हातून अक्षता टाकून घेतात तसं.

१९६९ साली किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला तेव्हा लोक दचकले होते. आता प्रोगचा साचा ठरलाय: वीस मिनिटं लांबी, विषम मात्रा, मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा जुना कीबोर्ड), मुखपृष्ठावर ग्रहतारे. पुढं जाणारं संगीत म्हणायचं आणि पन्नास वर्षं मागं बघत चालायचं. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

तर्रीपोहा_९८
भाऊ, बाकी तिघायले घाला शिव्या, पण ब्लड इन्कँटेशनले या रांगेत काहून उभं केलं? डेन्व्हरचा डेथ मेटल बँड आहे तो, गुरगुरत गाणारा. त्यायच्या अल्बमवरल्या 'द स्टारगेट' रचनेचा पहिला भाग अंगावर येते, अन् मधातच सारं थांबून नुसते सिंथ (सिंथेसायझर) सुरू होतात. टँजरिन ड्रीम या सिंथवाल्या जर्मन बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग वाजवून राहिला तिथं. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं पोट्ट्यायनं. ही जोडी साच्यात कुठं बसते ते सांगा मले.

बर्डीकर
टँजरिन ड्रीम सत्तरच्या दशकातले. हान्सात गायक डेव्हिड बोवी १९७७ ला 'हीरोज' करून गेला. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

तर्रीपोहा_९८
अबे मग तर्रीही जुनी अन् पोहेही जुनेच. कोणीतरी पयल्यांदा एकावर एक ओतले ना?

खस_ताटी
मी विज्ञान शिकवते, तेव्हा आधीच सांगते, विल्सनच्या बाबतीत माझं मत पक्षपाती आहे.

अंतराळवीरांना वरून पृथ्वी बघून जो हादरा बसतो त्याला ओव्हरव्ह्यू इफेक्ट म्हणतात, तिथून या अल्बमचं नाव आलंय. दुसरी रचना सुरू होते तेव्हा कुणी गात नाही. इलेक्ट्रॉनिक ठेका चालू असतो आणि विल्सनची बायको रोटेम शांत आवाजात मापं वाचत जाते. दहाचा अमुक घात मीटर, मग त्या आकाराच्या आकाशस्थ वस्तूंची नावं, मग पुढचा घात. फळ्यावर हेच मी दरवर्षी लिहिते आणि शेवटच्या बाकावरची मुलं पेंगतात. त्याच मुलांना रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेलं की दिवे मालवल्यावर थोडा वेळ खिदळतात आणि मग एकाएकी गप्प होतात. ही रचना ऐकताना मी तशी गप्प झाले होते.

पहिल्या रचनेतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी बँडच्या अँडी पार्ट्रिजनं लिहिलेत. खाली माणसांच्या घरगुती कटकटी आणि वर विश्वाची उलथापालथ, दोन्ही शेजारी शेजारी. बर्डीकर, तुम्ही मिनिटं मोजलीत, त्या मिनिटांत भरलंय काय ते नाही बघितलं. भाकरीही गोल असते आणि पुरणपोळीही.

आणि शेवटचा 'परमनन्स' हा भाग कसा ऐकलात? तिथं जवळजवळ नुसते सूर तरंगतात, त्यात सॅक्सोफोन अगदी हलका येतो. कूलर चालू होता ना? खरं सांगा.

बर्डीकर
चालूच होता. ४५ अंशांत कूलर बंद करून ऐकायला मी तपस्वी नाही, ताई.

सम_गाठा
'विषम मात्रा' वाचून हसू आलं. सात म्हणजे आपला रूपक, दहा म्हणजे झपताल. धरमपेठेत माझ्याकडे शिकायला येणारी चौथीतली मुलगी हातावर टाळी-खाली दाखवत दोन्ही म्हणते. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चं सातात आहे म्हणून केवढं कौतुक, आणि गिटारचा सोलो आला की मंडळी निमूट चारावर येतात. त्यामुळे आपल्या कानांना प्रोगमधलं नावीन्य मात्रांच्या आकड्यात सापडणार नाही.

पण आपल्याकडे एकदा ताल धरला की सम कुठं येणार ते श्रोत्यालाही ठाऊक असतं, त्यातच मजा असते. ड्रीम थिएटरच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी'त (१९९९) सहा मिनिटांत शंभरावर वेळा मोजमाप बदलतं. मी वही-पेन घेऊन बसलो होतो, दीड मिनिटात पेन खाली ठेवलं. गणिताचा पेपर वाटला. उलट टूल बँडचा ड्रमर डॅनी केरी आलोक दत्तांकडे तबला शिकलाय आणि 'फिअर इनॉक्युलम'मध्ये (२०१९) ते जाणवतं. तो एकच चक्र धरून त्याच्या आत खेळत राहतो. माझ्या लेखी पुढचं पाऊल ते.

तर्रीपोहा_९८
सर, सुरायचं पण बोला ना! किंग गिझार्ड बँडनं २०१७ ले सप्तकाचे चोवीस भाग पाडणाऱ्या गिटारी बनवून अख्खा अल्बम काढला. त्याच वर्षी 'पॉलिगोंडवानालँड' फुकट वाटला, मास्टर टेपसकट. ज्याले पाहिजे त्यानं छापा अन् विका. हे कोणत्या ७२ साली झालं होतं?

सम_गाठा
श्रुतींचं म्हणाल तर आमची गाणारी मंडळी हसतील. अल्बम वाटून टाकणं मात्र खरंच नवं.

जुनी_टेप
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून थोडं बोलतो.

मुंबईच्या मामेभावानं मला 'क्लोज टू द एज' भरून पाठवला तो साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर. बाजू तीस मिनिटांची आणि अल्बम जवळपास अडतीसचा. तिसरं गाणं सुरू होऊन मिनिटभर झालं की खट्! त्या 'खट्'सकट तो अल्बम मला पाठ होता. त्या गाण्याचा उरलेला भाग ऐकायला २००३ उजाडलं. ऐकलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मिनिटभरानंतर कॅसेट थांबली नाही म्हणून चुकल्यासारखं झालं.

बर्डीकर, तुमचे चार अल्बम मिळून साडेतीन तासांचे होतात. एका दुपारी, कूलरच्या घरघरीत, सगळे पाठोपाठ. किंग क्रिमसनसुद्धा असा ऐकला असतात तर म्हणाला असतात, यात नवं काय?

बाकी मुंबईच्या कोशिश बँडनं २०१३ साली 'फिरदौस' हा पूर्ण संकल्पना-अल्बम हिंदीत केला, बंगळूरचा अगम बँड कर्नाटक संगीत घेऊन प्रोग वाजवतोय. मराठीत तेवीस मिनिटांची अशी रचना माझ्या तरी कानावर आलेली नाही. आख्यानं रात्र-रात्र चालणाऱ्या भाषेत लांबीची भीती कुणाला वाटते, कोण जाणे. विल्सननं काय करावं यापेक्षा मला हे जास्त खुपतं.

बर्डीकर
काका, साडेतीन तासांचा टोमणा बसला.

काल रात्री गच्चीवर, हेडफोन लावून, एकटा 'द स्टारगेट' पुन्हा ऐकला. मी म्हणत होतो की सिंथचा तुकडा मधे चिकटवलाय. तसं नाही. गिटारी आधी हळूहळू विरत जातात आणि परत येतात तेव्हा त्या सिंथमधलं काहीतरी अंगावर घेऊन येतात. टँजरिन ड्रीमला गुरगुरणारा गायक माहीत नव्हता आणि डेथ मेटलवाल्यांना एवढी शांतता परवडत नव्हती. तर्रीपोहा, तेवढं मागं घेतो.

'पॅरासोम्निया'बद्दलचं घेत नाही. ओपेथमधली बासरी चांगली आहे, पण ती आजोबांचीच.

तर्रीपोहा_९८
हाव ना राजेहो! अन् विल्सन?

बर्डीकर
विल्सनचं पाऊस पडल्यावर बघू. कूलर बंद झाला की.