मदत हवी आहे: दोन बेडरूम, पाच माणसं, पलंग कोणते घ्यावेत?

सूनबाई_कल्याण

कल्याणला २ बीएचकेमध्ये राहायला जातोय, पलंग सगळे नवे घ्यायचेत. मापं देते.

मोठी बेडरूम (आम्ही दोघं): ११ x १० फूट. उशाकडची बाजू १० फुटी भिंतीला. समोरच्या भिंतीला २४ इंच खोल कपाट, पल्ले बिजागरीचे, एकेक १८ इंचांचा.

लहान बेडरूम (सासूबाई आणि दोन्ही मुलं): १० x ९ फूट, कपाट नाही. उंची ९ फूट ४ इंच, पंखा मधोमध, ४८ इंची. सासूबाईंचं वय ७२, गुडघे दुखतात, रात्री एक-दोनदा उठतात. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची.

आमच्या डोक्यात असं आहे: आम्हाला हायड्रॉलिकचा (गादीसकट झाकण वर उघडतं, खाली साठा) किंग, म्हणजे ७२ इंच रुंद गादीचा, सासूबाईंना सिंगल, मुलांना खालून दुसरा पलंग बाहेर ओढायचा असतो तो. दुकानदार प्लायवूड म्हणतो, सुतार सागवान म्हणतो. कुठे चुकतंय का?

रंधा

ताई, पलंगाच्या आधी गादी ठरवा. पलंगाची उंची, झाकण उचलणाऱ्या पंपाची ताकद, बंक (एकावर एक पलंग) घेतला तर कठड्याची उंची, हे सगळं गादीच्या जाडीवर आणि वजनावर ठरतं. उलट्या क्रमाने गेलं की पलंग ७५ इंची येतो आणि गादी ७८ इंची. ‘क्वीन’ म्हणून ७२, ७५ आणि ७८ तिन्ही लांब्या सर्रास विकतात, त्यामुळे पावतीवर ‘क्वीन’ लिहून घेऊ नका, ‘७८ x ६०’ लिहून घ्या.

आता मोठी खोली. भिंत १२० इंच. ७२ रुंदीच्या गादीचा पलंग बाहेरून ७७ च्या आसपास भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकवीस-साडेएकवीस इंच. ६० रुंदीचा बाहेरून ६५, मग दोन्हीकडे सत्तावीस. चादर खोचताना हा फरक रोज कळेल. लांबीत १३२ मधून कपाटाचे २४ गेले, १०८ उरले. पायाकडे उंच पाटी असलेला पलंग ८४ घेतो, समोर २४ राहतात. १८ चा पल्ला उघडला की उरले ६, माणूस उभा कुठे राहणार? पायाकडची पाटी नसलेला घ्या, निदान तीन इंच परत मिळतात.

माझं मत: ७८ x ६०. किंग या खोलीत मावतो, पण मग खोलीत फक्त पलंगच असतो.

सागवान की प्लाय? साठ्याचा पेटी-पलंग असेल तर बीडब्ल्यूआर प्लाय (उकळत्या पाण्यातही टिकणारा), १८ मिमी. त्या पेटीला सागवान वापरणं म्हणजे पैसे गादीखाली झाकून ठेवणं. एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) मात्र नको. कल्याणच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्डाच्या कडा फुगतात, आणि एकदा खोलून पुन्हा जोडला की स्क्रू त्याच भोकात धरत नाही. घर बदललं की असे पलंग हमखास डुगडुगतात ते यामुळेच. सासूबाईंच्या पायांच्या पलंगाला सागवान घ्या, पैसे सार्थकी लागतील. लाकूड घेताना फळीच्या कडेचा पांढरट पट्टा बघा. ते कच्चं लाकूड, कीड आधी तिथेच लागते. पॉलिश झाल्यावर तो ओळखू येत नाही, म्हणून पॉलिशआधी जाऊन बघायचं.

काथ्या

हायड्रॉलिकबद्दल. गादीचं वजन काढायला सोपं आहे: लांबी x रुंदी x जाडी मीटरमध्ये, गुणिले घनता (एका घनमीटरला किती किलो). ७८ x ६० x ६ इंच म्हणजे साधारण ०.४५ घनमीटर. ३२ घनतेचा फोम असेल तर १४-१५ किलो. ९० घनतेचा रबराइज्ड काथ्या असेल तर ४० किलो. झाकण तेच, पंप तेच आणि वजनात २५ किलोंचा फरक, म्हणून ‘हायड्रॉलिक पलंग’ एकाकडे बोटाने उघडतो आणि दुसऱ्याकडे दोघांना उचलावा लागतो.

पंपावर ८००, १०००, १२०० असा न्यूटनचा आकडा छापलेला असतो. दहाने भागून ‘१०० किलो उचलतो’ असं दुकानात सांगतात, ते खरं धरू नका. पंप बिजागरीच्या जवळ बसतो आणि गादीचं वजन त्याहून लांब असतं, त्यामुळे बरीच ताकद तिथेच खर्च होते. गादीचं वजन पलंगवाल्याला सांगा आणि त्यावर पंप द्यायला लावा.

बिघाड ओळखायचे असे. झाकण आपोआप वर येतं: पंप जास्त ताकदीचा किंवा गादी हलकी. अर्ध्यात थांबून खाली येतं: पंप कमी ताकदीचा किंवा गॅस गेलेला, दांड्याभोवती तेलाचा ओलसर डाग दिसतो का बघा. एक बाजू आधी उठते: एक पंप मेलाय किंवा पंप धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू प्लायमधून सुटलेत. पंप बदलायचा तर जोडीनेच. आणि पट्टी स्क्रूवर नको, आरपार नट-बोल्ट आणि मोठा वॉशर, हे ऑर्डर देतानाच सांगायचं.

अजून एक. प्लायची शीट ८ x ४ फूट. तुमचं झाकण ५ फूट रुंद, म्हणजे ते दोन तुकड्यांचंच असणार. तो सांधा खालच्या लोखंडी चौकटीवर किंवा आडव्या पट्टीवर आला पाहिजे. अधांतरी राहिला तर वर्षभरात तिथे खळगा पडतो आणि दोष गादीला जातो. झाकणाला एक इंची दहा-बारा भोकं पण पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फोमच्या खालच्या बाजूला बुरशी धरते.

दोन_सूत

मोठ्या खोलीवर सगळे बोलले, पण खरी अडचण लहान खोलीत आहे.

सासूबाईंचा सिंगल बाहेरून ३९. मुलांचा ३९. त्याखालून ओढलेला ३६. बेरीज ११४, खोली १२० इंच. रात्री सासूबाई उठल्या तर पाय ठेवायला ६ इंच. त्या नातीच्या अंगावरून जाणार का? बेत रद्द करा.

मग बंक. ३९ + ३९ = ७८, मध्ये ४२ इंच मोकळे. मुलगा वर, मुलगी खाली. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हा नियम मोडायचा नाही.

पण पंखा! केंद्र भिंतीपासून ६० इंचांवर, ४८ इंची पंख्याचं पातं केंद्रापासून २४ जातं. म्हणजे टोक भिंतीपासून ३६ वर, आणि तुमचा बंक ३९ पर्यंत. तीन इंच पात्याखाली. वरच्या गादीचा पृष्ठभाग ६० इंचांवर आला तर त्यावर गुडघ्यांवर उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या पोराचं डोकं १०० च्या आसपास पोहोचतं, आणि तुमची पाती छतापासून फूटभर खाली, म्हणजे तिथेच. ३६ इंची लहान पंखा लावूनही हात पोहोचतोच. छताचा पंखा काढा, समोरच्या भिंतीवर भिंतपंखा लावा. ते होणार नसेल तर बंक घेऊ नका.

बंकची वरची गादी ४ इंची. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच हवा. ६ इंची गादी घातली की ९ इंची कठड्याचे ३ उरतात. कठड्याच्या पट्ट्यांत साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नको, अंग घसरून डोकं अडकतं. शिडीच्या पायऱ्या सपाट, गोल दांडे तळव्याला रुततात. लोखंडी घेतलात तर पाइप १६ गेज मागा, १८ नको. आकडा लहान तेवढा पत्रा जाड.

सूनबाई_कल्याण

पंख्याचं डोक्यातच आलं नव्हतं! भिंतपंखा लावू. बंक भिंतीला बोल्ट करायचा का? भिंती हलक्या राखाडी ब्लॉकच्या आहेत. आणि सासूबाईंच्या पलंगाची उंची किती ठेवू?

दोन_सूत

करायचा. पण सिपोरेक्स ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिक गट्टू धरत नाही, भुसा होऊन बाहेर येतो. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे लांब फास्टनर मिळतात, किंवा बीम-कॉलम गाठा. ड्रिल मारताना लालसर नाही, पांढरा मऊ भुसा आला तर ब्लॉकच समजा. फास्टनर बदला, जागा नाही.

रंधा

उंची तयार मापाने नको. सासूबाईंना अनवाणी खुर्चीवर बसवा, जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत मोजा. समजा साडेसोळा आलं. गुडघे दुखतात म्हणून दीड वाढवा: १८. बसल्यावर गादी किती दबते? काथ्याची साधारण इंचभर, मऊ फोमची दोन. काथ्याची ५ इंची धरली तर १८ + १ − ५ = १४ इंच, ही गादीखालच्या पट्ट्यांची उंची. सुताराला हा १४ चा आकडा द्या, ‘अठरा इंची पलंग’ म्हणू नका. तो अठरावर पट्ट्या ठोकेल आणि वर पाच इंच गादी येईल, सासूबाईंचे पाय लोंबकळतील.

त्यांच्या पलंगाखाली साठा नको. उठताना पाय थोडे मागे, पलंगाखाली घ्यावे लागतात. पेटी जमिनीपर्यंत आली तर टाच अडते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. खाली मोकळं, गादीखाली आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत जास्तीत जास्त अडीच-तीन इंच अंतर. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर पलंग त्या भिंतीपासून चार इंच सुटा.

काथ्या

लिफ्टचं दार मोजलंत का? काथ्याची ७८ x ६० गादी दुमडत नाही, गुंडाळता येत नाही. फोमची गुंडाळून येते. पलंग सुटे भाग करून येतो, पण मागची पाटी एकसंध आहे की दोन भागांत ते विचारा. वरच्या मजल्यावर जिन्याने चढवायचं झालं तर मजुरी कोणाची, हे पावतीवर असू द्या.

जोडायला माणूस येईल तेव्हा गादी घरात हजर हवी. गादीशिवाय पंप बसवले तर झाकण खाली दबत नाही, मग तो ‘गादी आली की बसेल’ म्हणून जातो आणि परत बोलवायला आठवडा जातो. त्याच्यासमोरच गादीसकट तीन वेळा उघडून बंद करा, अर्ध्यात सोडून बघा.